महिपतीची बोटं आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी सांगवीच्या भजनी मंडळाची जुनी पेटी आहे. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, भात्याला ठिगळं आहेत. पण सूर अजून खणखणीत आहे. हे मलाच सांगायला हवं, कारण मध्यंतरी माझ्यावर भलताच आळ आला होता.

मला वाजवायचा महिपती. एरवी उसाचा ट्रॅक्टर चालवणारा रांगडा गडी, पण बोटं इतकी हलकी की पट्टी कधी दाबली ते मलाही कळायचं नाही. मंडळाचे म्हातारे गायक मानसिंगतात्या म्हणायचे, "पेटी ह्याच्याच हातात बोलती." मी किती फुगायचे म्हणून सांगू! ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो.

मग एका गुरुवारी, भजन रंगात आलेलं असताना, त्याची करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप आत वळलं. सूर चुकला. पुढच्या भजनालाही तेच. नवल असं, की हीच बोटं भाकरी मोडायची, दोरखंड आवळायची. वळायची ती फक्त माझ्यावर आली की.

"पट्टी अडकती हिची," तात्यांनी निकाल दिला. झालं! मला एसटीत घालून इंदापूरला नेलं. कारागिरानं माझं पोट उघडलं, काही सापडलं नाही तरी घासलंच. परत आले, तरी बोटं वळलीच. मग दोष महिपतीवर गेला. "सराव कमी पडतोय तुजा," तात्या म्हणाले. बिचारा रोज दातओठ खात बसू लागला. जितका जोर लावी, तितकी बोटं आखडत. अखेर त्यानं माझ्यावर चादर टाकली. मला राग नाही आला. त्याच्या बोटांची आठवण यायची, इतकंच.

त्याची बायको शकुबाई मात्र गप्प बसली नाही. "करंगळी बधिर पडती म्हणून शर्टाची बटणं मला लावाय लावता, आन् डॉक्टरला सांगायला लाज वाटती व्हय?" तिनं त्याला बारामतीला नेलं, सोबत मलाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला वाजवायला लावलं, मग कोपरावर टिचकी मारली. मुंग्या थेट करंगळीपर्यंत गेल्या.

"ट्रॅक्टरवर कोपर कुठं टेकता?"

"मडगार्डावर. कारखान्याच्या रांगेत तसाच तर बसून ऱ्हातो."

"तिथंच नस दबलीय. हाताकडून नीट खबर येईना, म्हणून मेंदूनं बोटं वळवायची चुकीची सवय धरली असावी. कोपर जपा, व्यायाम करा. नस सुधारेल. सवय सुटायला वेळ लागेल, आणि सुटेलच असं मी म्हणणार नाही. जोर मात्र अजिबात लावू नका."

आता भजनाला मला दुसराच कुणी वाजवतो. चांगला वाजवतो बिचारा, पण माझं मन लागत नाही.

काल सकाळी महिपतीनं मला पुढ्यात घेतलं. हलक्या हातानं एक सूर धरला. करंगळी सरळ राहिली. दुसरा धरला. राहिली. तिसऱ्याला ती वळू लागली. वाटलं, आता हा चिडून दाबणार. पण त्यानं हात उचलून घेतला.

"दोनच आले," तो शकुबाईला म्हणाला.

"मग दोनच वाजवा की. आमी ऐकतोय न्हवं."

मित्रांनो, हाताला मुंग्या आल्या तर लपवू नका, आणि अडलेल्या हाताला कामचुकार म्हणू नका. माझं काय, मी दोन सुरांवरही जगेन. पण तिसऱ्याची वाट बघणं काही सुटत नाही.