होईपर्यंत

कुंदाने गॅसवर ठेवलेला केक अजून झालेला नाही. तिला जाऊन आज वर्ष झालं.

ओव्हन आमच्याकडे कधीच नव्हता. केक कुकरमध्ये आहे. तळाला वाळू, वाळूवर ताटली, ताटलीवर डबा. झाकणाची रिंग काढलेली, शिट्टी काढलेली. शिट्टीच्या भोकातून बारीक वाफ येते, तिला कोकोचा वास आहे. गॅस मंद आहे. सिलिंडर मी वर्षभरात बदललेला नाही.

कृती तिच्या मावशीची. वहीत दीड वाटी मैदा, अर्धी वाटी कोको, वाटीभर दही, असं सगळं लिहिलंय. शेवटी लिहिलंय, होईपर्यंत ठेवणे. किती वेळ, ते नाही. मी पाटबंधारे खात्यात पंप चालवायचो. तिथे प्रत्येक गोष्टीची वेळ भिंतीवर लावलेली असायची. कुंदाला वेळ विचारली की म्हणायची, "सुई सांगते."

सुई म्हणजे स्वेटर विणायची. ती केकमध्ये खुपसायची. ओली निघाली तर व्हायचाय, कोरडी निघाली तर झाला.

मी झाकण काढतो, सुई खुपसतो. सुई ओली निघते. मग कुकरमधून कुंदा बोलते.

"अहो, सारखं झाकण काढू नका. बसेल तो."

"बरं," म्हणतो आणि झाकण लावतो.

झाकण काढलं की घरातली एक जागा कमी होते. पहिल्यांदा गॅलरी गेली. मग झोपायची खोली गेली, तिच्या साड्यांच्या कपाटासकट. दिवाळीत न्हाणीघर गेलं. तेव्हापासून मी आंघोळीला शेजारी शेवाळेवहिनींकडे जातो.

"भाऊजी, केक आहे का अनुष्ठान?" बादली देताना त्यांनी विचारलं.

"होईलच आता," मी म्हणालो.

गुढीपाडव्याला बाहेरची खोली गेली. आता दार उघडलं की सरळ ओटा. झाकण काढलं नसतं तर घर राहिलं असतं, हे मला कळत होतं. पण झाकण काढल्याशिवाय ती बोलत नव्हती. दर वेळी तेच एक वाक्य बोलायची. मला तेवढं पुरत होतं.

केक आमच्या मेधाच्या वाढदिवसाचा होता. आज सकाळी ती सांगलीहून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अप्पा, आत येऊ कुठे?"

"ये, ओट्याला टेकून उभी राहा."

तिने पर्समधून एक पुडी काढली. दवाखान्यात दिलेली. बांगड्या, मंगळसूत्र आणि कुकरची शिट्टी.

"मुठीत होती तिच्या," मेधा म्हणाली. "नर्सने एकेक बोट सोडवून काढली."

माझ्या आईने एकदा केकच्या कुकरला सवयीने शिट्टी लावली होती. केकचा ढोकळा झाला. आईने तो चटणीबरोबर खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाली. तेव्हापासून केक उतरेपर्यंत कुंदा शिट्टी मुठीत धरून बसायची. त्या दिवशीही धरली होती.

मी शिट्टी मुठीत घेतली. गरम होती.

"माझा केक आहे तो, अप्पा. मला खायचाय."

"खाशील की. झाल्यावर."

"झालाय. वास बघा ना. करपेल आता."

"तुला काय कळतंय? सुई सांगते."

मी झाकण काढलं, सुई खुपसली. कुंदा काही बोलली नाही. मी थोडा थांबलो. तरी बोलली नाही. सुई बाहेर काढली तर कोरडी. कणसुद्धा लागला नव्हता.

मेधा माझ्या मागे ताटली पुसत होती. मी सुई तोंडात घातली आणि बाहेर काढली.

"बघ, ओली आहे."

तिने सुईकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, बसेल तो."

"मला नाही ऐकू आलं."

"हळू बोलली."

मी झाकण लावलं. दार गेलं आणि दाराबरोबर मेधा गेली. पलीकडून भिंतीवर दोनदा ताटली वाजली. मग ओटा गेला, ओट्याबरोबर कुकर गेला. मी खाली बसलो. खाली वाळू होती, चांगली तापलेली. पाठ टेकली तर भिंत गोल होती, धातूची. गुडघे छातीशी घेतले तेव्हा कसाबसा मावलो. छत हात पोचेल इतकं खाली आलं. त्याच्या मधोमध एक भोक होतं, तेवढ्यातूनच उजेड येत होता. कोकोचा वास माझ्या अंगाला येत होता.

मूठ मी घट्ट धरली होती.

वरून मेधाचा आवाज आला. "झाला का गं, आई?"

भोकातून स्वेटरची सुई सरळ खाली आली. मी हललो नाही. ती माझ्या खांद्याशी टेकली आणि आत गेली. दुखलं नाही. थोडा वेळ आतच राहिली, मग तशीच सरळ वर गेली.

वर कुणीतरी ती दोन बोटांत धरून चाचपत होतं.