पिराजीची टाच

उजळाईवाडीच्या माळावरील विमानतळाच्या विस्ताराचे काम १९८६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्या वेळी तेथील कामकाजाचा अधिकारी मी होतो. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले होते आणि मोजल्याखेरीज काही मानायचे नाही, ही माझी सवय होती. विमाने उभी राहण्याच्या फरशीपासून धावपट्टीपर्यंतचा टॅक्सी-वे सुमारे अडीचशे मीटर लांबीचा होता आणि कंत्राटदार तो दररोज निराळ्या ठिकाणी उकरत असे. म्हणून मी रोज सकाळी प्रमाणबद्ध नकाशा काढी. त्यात खुला भाग निळा आणि बंद भाग लाल असे. हा नकाशा वैमानिकाच्या हाती देऊन त्याची सही घेणे, हे माझे काम होते.

कॅप्टन हंबीरराव एका साखर कारखान्याचे सहा आसनी, दोन इंजिनांचे विमान चालवीत. ते मुकाट्याने सही करत, नकाशाची चौघडी खिशात घालत आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारत, "पिराजी कुठं हाय?"

पिराजी आमचा चौकीदार. शिक्षण चौथीपर्यंत. काम सुरू झाल्यापासून विमानाच्या पुढे चालून वाट दाखवण्याची जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती. त्याच्या हातात कपडे धुण्याची, लाल रंगवलेली दोन धोपाटणी असत. नियमाप्रमाणे वाट दाखवणाऱ्याने वैमानिकाकडे तोंड करावे. पिराजी पाठ करून चाले. जेथे नवा मुरूम भरलेला असे तेथे तो सकाळीच अनवाणी जाऊन टाच आपटून पाही. विमान त्या जागी पोहोचले की तो सहा पावले बाजूला सरके आणि चाक जमिनीत रुतते का, हे उकिडवा बसून न्याहाळी.

"काय पिराजी, वाट हाय का न्हाय?" हंबीररावांनी एकदा विचारले.

"हाय की! माझ्या मागनं या. बैल बी या वाटंनं दमानं जातोय."

"म्हंजे माझ्यापरास बैल शाना म्हण की!"

"त्यो सही करून कागूद खिशात घालत न्हाय, एवढंच."

दोघेही खदखदून हसले. मला हसू आले नाही. कागद माझा होता.

उड्डाणाला अवकाश असला की हंबीरराव फरशीच्या कडेला मांडी घालून पिराजीच्या फडक्यातली भाकरी आणि खर्डा खात. माझ्या टेबलावर चहा निवत असे.

"तुम्हाला पिराजीचा मत्सर वाटतो," माझी पत्नी लीला एका संध्याकाळी म्हणाली.

"मत्सर नव्हे. अकरा वेळा त्याची टाच बरोबर ठरली. अकरा हा नमुना लहान आहे."

"म्हणजे बाराव्या वेळी ती चुकावी, असं वाटतं."

मी कागदावर गणित मांडत होतो. साठ किलो वजनाचा माणूस एका टाचेवर उभा राहिला, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोचा दाब पडतो. त्या विमानाच्या चाकाचा दाब साडेतीन किलोच्या वर होता. म्हणजे पिराजीची टाच पुऱ्या भाराची परीक्षा घेतच नव्हती. हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. मी वाट पाहिली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, धावपट्टीच्या दिव्यांच्या तारांसाठी, टॅक्सी-वे आडवा खणला गेला. फरशीपासून ही जागा एकशेवीस मीटरवर होती. संध्याकाळपर्यंत चर मुरमाने भरून वरून रोलर फिरवण्यात आला. शुक्रवारी सकाळी मी तेथे पहार घेऊन गेलो. कमरेच्या उंचीवरून ती सरळ खाली सोडायची आणि टोक किती आत जाते ते मोजायचे, ही माझी पद्धत. इतरत्र ती दीड इंच जाई. तेथे पाच इंच गेली. वरचा थर घट्ट होता, खालचा पोकळ. मी ती पट्टी लाल रंगवली आणि डावीकडच्या गवतावरून वळसा दाखवला.

मी परतत असताना पिराजी त्याच जागी टाच आपटत होता. "घट्ट हाय," तो स्वतःशीच म्हणाला. मी थांबलो नाही.

हंबीररावांनी सही केली. चौघडी खिशात गेली. इंजिने सुरू झाली आणि पिराजी धोपाटणी वर धरून चालू लागला.

वायरलेसची खोली माझ्या पाठीमागे दहा पावलांवर होती. मी आत गेलो नाही. मी हिशेब केला: पुढचे चाक रुतेल, त्याचा दांडा मोडेल, नाक खाली जाईल, दोन्ही पंखे जमिनीवर आपटतील. वेग माणसाच्या चालीचा, म्हणजे आतल्या कोणाला इजा होण्याचे कारण नाही. सही माझ्याजवळ होती. चौकशीत नकाशा समोर ठेवला जाईल आणि तो अखेर कोणीतरी उघडून पाहील.

पिराजी फरशीपासून साठ मीटरवर पोहोचला तेव्हा माझ्या हिशेबातली चूक मला दिसली. जमिनीवर आपटलेल्या पंख्याचे तुकडे पुढे उडत नाहीत, ते बाजूला उडतात. आणि चराजवळ पिराजी बाजूला सरकून, पंख्यांच्या अगदी सरळ रेषेत, उकिडवा बसणार होता.

मी गवतावरून धावलो. त्याला मागे टाकून चरावर उभा राहिलो आणि दोन्ही हात आडवे केले. विमान पंधरा मीटरवर थांबले. हंबीररावांनी इंजिने बंद केली आणि खिडकीच्या झरोक्यातून ओरडले. मला नव्हे.

"काय म्हणत्यात रं सायेब?"

पिराजीने माझ्याकडे पाहिले. मला धाप लागली होती. "पोकळ आहे," मी कसाबसा म्हणालो. "खाली पोकळ आहे."

"सायेब म्हणत्यात म्हंजे असंलच," पिराजी तिकडे वळून ओरडला. "डाव्या अंगानं गवतावरनं घ्या. मी हाय पुढं!"

"तू म्हंतोस तर घेतो!"

विमान वळसा घालून गेले. तासाभरात पाण्याच्या टँकरचे चाक त्याच जागी निम्मे रुतले. सगळे मजूर जमले. पिराजीने वेळेवर विमान वळवले, असे ते एकमेकांना सांगू लागले. "मी न्हवं, सायबांनी," असे पिराजी तीनदा म्हणाला. तो विनय ठरला.

दुपारी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. कोपऱ्यातल्या पहारीकडे पाहत उभा राहिला.

"सायेब, माझी टाच खोटी पडली. ही पहार मला शिकवा की."

मी त्याला चरापाशी नेले. पहार कशी धरायची, कुठून सोडायची, ती का ढकलायची नाही, हे दाखवले. तो दोन वेळांत शिकला. मला आठवडा लागला होता.

"आन् किती आत गेलं तर चालतंय?"

हा आकडा मी सव्वीस जागी मोजून काढला होता आणि तो कोठेही लिहिलेला नव्हता. तो सांगितल्यावर या माळावर माझी गरज सहीपुरती उरणार होती. मी टँकरच्या चाकाने पाडलेल्या खड्ड्याकडे पाहिले. पिराजी सकाळी जेथे बसला असता, ती जागा खड्ड्यापासून सहा पावलांवर होती.

"सव्वादोन इंच," मी म्हणालो. "तुझी तीन बोटं. चौथं बुडालं, तर विमान पुढे न्यायचं नाही. कोणी काही म्हटलं तरी नाही."

"तुमी म्हटलासा तरी?"

"मी म्हटलं तरी."

त्याने बोटे पहारीला लावून पाहिली आणि तिसऱ्या बोटाच्या वर खडूची रेघ ओढली. मग पहार खांद्यावर टाकून तो हंबीररावांची परतीची वाट तपासायला निघाला. मी ती परत मागितली नाही, आणि त्याच्या मागेही गेलो नाही. हंबीरराव उतरल्यावर त्याला काय विचारतील, ते मला ठाऊक होते. ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती.