डावं लहान, उजवं लांब

डाळीच्या डब्याला टेकून उभा असलेला पुठ्ठ्याचा तुकडा… कलिंगडाच्या फोडीसारखा कापलेला, कडेला पेन्सिलीची पुसट रेघ, आणि एका टोकाला ग्रीसचा डाग. हा डाग कालचा नाही, आजचा. म्हणजे जितेंद्र आपल्या आधी उठला, स्वयंपाकघरात आला, पुठ्ठा इथे ठेवला, आणि का ठेवला ते विसरून निघून गेला. सुचेताने पुठ्ठा जरासा सरकवून मागची मोहरीची बाटली काढली आणि पुन्हा होता तसा टेकवला, देवघरातली मूर्ती पुसून परत ठेवतात तसा… छे, एवढा मान नको द्यायला. शेजारणीचं आपल्याकडे राहून गेलेलं भांडं ती मागायला येईपर्यंत आपण ज्या काळजीने ठेवतो, तसा.

आता चहा घेताना तो विचारणार. रोज विचारतो.

खाली इमारतीच्या खांबांमध्ये ताडपत्रीखाली जे उभं आहे त्याला सोसायटीत कोणी गाडी म्हणत नाही; ‘काकांचं ते’ म्हणतात. छप्पर नाही, दारं नाहीत, बसायला दोनच जागा, आणि वजनाला इतकं हलकं की दोन माणसं पुढून उचलून सरकवू शकतात. चौकोनी पाइपांचा सांगाडा जितेंद्रने स्वतः वेल्ड केला, वर ॲल्युमिनियमचा पत्रा स्वतः वाकवला, इंजिन भंगारातून आणून खोलून पुन्हा जोडलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांचे साचे करण्यात हयात गेली, निवृत्त झाल्यावर स्वतःची एक करणार होता. उत्तनच्या रस्त्याने समुद्रापर्यंत जायचं, वारा तोंडावर घेत. बरोबर कोण, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. पण जागा दोन होत्या, आणि तेवढ्यावर सुचेताने समाधान मानून घेतलं होतं.

सगळं झालं. राहिली ती पुढच्या चाकांवरची झाकणं. “विंग म्हणायचं,” तो पूर्वी लोकांची चूक दुरुस्त करायचा, “मडगार्ड स्कूटरला असतं.” अशा गाडीची पुढची चाकं अंगाच्या बाहेर, उघडी असतात, आणि त्यांच्यावर दोनच तऱ्हांच्या विंग शोभतात म्हणे. एक लहान, चाकाला चिकटलेली, सायकलच्या मडगार्डसारखी. चाक वळलं की तीही वळते, चाक खड्ड्यात गेलं की तीही जाते. दुसरी लांब, चाकावरून उतरत बसायच्या जागेपर्यंत येणारी. ती गाडीच्या अंगाला पक्की बसलेली, तिच्याखाली चाक काय वाटेल ते करो, ती हलत नाही. लहान विंग चिखल उडवते, कोपरापर्यंत. लांब विंग वेगात हवा धरते आणि गाडीचं नाक उचलते. हे सगळं सुचेताला पाठ होतं, कारण जेवताना तो तेच बोलायचा. आणि ऐकता ऐकता तिच्या मनात यायचं की या घरात चाकाबरोबर वळणारी कोण आणि न हलणारी कोण, हे सांगायला टूलरूममध्ये जावं लागत नाही.

मग तारोडीच्या पास्कूकडे विंग करायला टाकल्या. पास्कू होड्यांना फायबर लावतो; किनाऱ्याला त्याची शेड आहे. जितेंद्र एकटाच बसने गेला आणि डाव्या चाकासाठी लहान विंग सांगून आला. काही आठवड्यांनी पुन्हा गेला, उजव्यासाठी — आणि लांब सांगून आला. पास्कूने उलट विचारलं नाही. सायबाला उलट विचारायची कोणाची पद्धतच नव्हती. टेम्पोतून दोन्ही उतरल्या, जितेंद्रने दोन्ही बसवल्या, मागे सरून बघितलं आणि खूश झाला. डावीकडून एक गाडी, उजवीकडून दुसरी. सोसायटीतल्यांना वाटलं, बघण्यासाठी दोन नमुने लावलेत. सुचेतालाही तसंच वाटलं, म्हणजे वाटून घ्यावंसं वाटलं, डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून पेनाच्या टोकाने ते काळे भाग दाखवेपर्यंत.

“सुचेता.”

चहाचा कप तसाच होता. त्याने विंगच्या आकाराचा तो पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला होता, आणि चेहरा… हा चेहरा तिला अजून सवयीचा झाला नव्हता. कपाळावरची आठी गेलेली, डोळे स्वच्छ, समोरच्याच्या उत्तराची खरोखर वाट बघणारे.

“तुला कुठलं बरं वाटतं? लहान की लांब?”

“बघते,” ती म्हणाली. “संध्याकाळी सांगते.”

“हां. सांग हं.”

झालं. आजचा हप्ता जमा झाला.

कारण हिशेब सरळ होता. परळ सोडून भाईंदरला यायचं त्याने ठरवलं. कोणता मजला, ते त्याने. पडदे, फ्रीज, मुलीची शाळा, आणि मुलीचं नावसुद्धा — सुचेताला संचिता हवं होतं, बारशाला तिने तसं सांगितलंही. तो म्हणाला, “मग ठरलं, क्षितिजा ठेवू,” आणि बोटांची पेरं पाळण्याच्या दांडीवर दोनदा आपटली, टक टक, कारखान्यात माल पास करताना आपटायचा तशी. विचारायचा मात्र नेहमी. तिने हिरवा म्हणायचं, त्याने “मग ठरलं, निळा घेऊ” म्हणायचं, टक टक. तिचं मत त्याला लागायचंच, पण शिवणाऱ्याला उलटी बाजू लागते तसं: सुलटी कुठली ते कळायला.

आणि आता हा माणूस रोज सकाळी तोंडाकडे बघून विचारतो आणि वाट बघतो. उत्तर दिलं की संपलं. मग मी का देऊ? इतक्या वर्षांची थकबाकी आहे, येऊ दे रोज थोडी थोडी… यात थोडा आनंद होता हे सुचेता स्वतःपासून लपवत नव्हती. चांगला आनंद नव्हता. पडलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून आपण किती उंच आहोत हे पहिल्यांदा कळावं, तसला. गाडी रस्त्यावर कधी उतरणार नव्हती, त्याला आता स्कूटरसुद्धा चालवू द्यायची नव्हती. उरला होता तो प्रश्न. आणि तो तिचा होता.

भात टाकताना पास्कूचा फोन आला.

“वयनी, आज काय ता सांगा. होड्या वर घेतल्या, शेडमदी जागा न्हाय. आनि पावसाची हवा लागली का हा माल सुकत न्हाय, चिकट रेतो. ज्याचा जोड करू तो सांगा, दुसऱ्याचा साचा मी मोडतंय.”

“सायबांना विचारलंस?”

“इचारला ना! ते मनाच उलटा इचारतान, पास्कू, तुला कनचा बरा वाटतो? मी बोललो, सायेब, मना होडी बरी वाटते.” तो हसला, मग हसणं आवरून म्हणाला, “थँक्यू बोलले मना. आजपरयंत कदी न्हाय बोलले. मना कसातरीच झाला, वयनी.”

“दिवेलागणीला फोन कर,” सुचेता म्हणाली, आणि भाताखालचा गॅस बारीक करायचा राहून गेला.

पास्कूला विचारलं. ठीक आहे, काम त्याचं आहे. त्याला विचारणं वेगळं आणि… वेगळंच. पण वाण्याने दिलेली सुटी नाणी दुकानातून निघाल्यावर पुन्हा मोजावीशी वाटतात, तसं काहीतरी तिला खाली घेऊन गेलं. खारी गावातल्या बाजारातून कोथिंबीर आणायची आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. कोथिंबीर फ्रीजमध्ये होती.

खाली जितेंद्र फडक्याने उजवी विंग पुसत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरची नीलम हेल्मेट हातात घेऊन त्याच्याशी बोलत उभी होती. खांबाआडून सुचेताला दोघं दिसत होती.

“लांबच लावा काका, काय मस्त दिसतंय! लहान म्हणजे चड्डी घातल्यासारखं वाटतं.”

जितेंद्र हसला. मान तिरकी करून, अगदी आदराने हसला. “थँक यू हं. विचार करतो.”

तोच आवाज. तेच स्वच्छ डोळे. सकाळचेच.

नीलमला सुचेता दिसली. “काकू, काका एकदम स्वीट झालेत हां. आधी लिफ्टमध्ये बघायचे पण नाहीत. आता रोज विचारतात, लहान की लांब. मलाच नाही, कुरियरवाल्याला पण थांबवून विचारलं काल. तो बिचारा बोलतोय, अंकल, साइन करो पहले.” ती हसली, मग सुचेताच्या तोंडाकडे बघून थांबली. “सॉरी काकू. मी असंच बोलले.”

“अगं, बोल की. खरंच स्वीट झालाय,” सुचेता म्हणाली.

ती जिना चढून आली. लिफ्ट होती, तरी जिना चढली. कुरियरवाला. म्हणजे महिनोन्‌महिने आपण जी जमा म्हणून धरली ती आपल्या नावावर नव्हतीच… देवळाबाहेर बसलेल्यांना वाटतात त्यातली एक मूठ, हात पुढे होता म्हणून मिळालेली, आणि आपण पदराच्या गाठीला बांधून बसलो. त्याने बायकोला विचारलं नव्हतं. समोर जो येईल त्याला विचारत होता, आणि समोर ती आली होती. भात करपला होता. तिने वरचा काढून त्याला वाढला, खालचा स्वतः घेतला, आणि घास चावता चावता तिला जाणवलं की आपल्याला राग आलाय तो या जेवणाऱ्या माणसाचा नाही. याच्यावर रागवायला हा आहे कुठे? राग आलाय तो त्याचा, जो टक टक करायचा. इतकी वर्षं भांडण तुंबवून ठेवायला लावलं आणि निकाल लागायच्या आधीच उठून गेला, न सांगता, घर, गाडी आणि हा गोड म्हातारा माझ्या गळ्यात टाकून.

दुपार तशीच गेली. क्षितिजाचा पुण्याहून फोन आला. विकून टाक म्हणाली, कोणीतरी हौशी घेईल. कोण घेईल गं, दोन बाजूंची गाडी, असं सुचेता म्हणाली आणि दोघी थोडं हसल्या.

उन्हं खांबांमधून तिरपी आत आली तेव्हा ती खाली गेली. आज सांगून टाकायचं. लहान, लांब, जे तोंडात येईल ते. पास्कूला कळवायचं, तो जोड करेल, विंग बसेल, ताडपत्री पडेल. एकदाचं खातं बंद. जितेंद्र चालकाच्या जागेवर बसला होता, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. पत्र्यावरून पाय टाकून तिने स्वतःला डावीकडच्या जागेत उतरवलं. गुडघे कुरकुरले, साडी कशाला तरी अडकली. इतक्या वर्षांत ती या जागेवर कधी बसली नव्हती. त्याने बोलावलं नव्हतं, ती गेली नव्हती.

आणि इथून दोन्ही दिसत होत्या. बाहेरून चालताना एका वेळी एकच बाजू दिसते, एकच विंग, आणि ती बरोबरच वाटते. इथे बसलं की लांबट नाकाच्या एका अंगाला ती लहान, चाकावर कानटोपीसारखी बसलेली, आणि दुसऱ्या अंगाला ती लांब, ऐसपैस, मांडी घालून बसलेल्या थोरल्या दिरासारखी. त्याने स्टिअरिंग जरा फिरवलं. लहान वळली. लांब जागच्या जागी राहिली. हे त्यालाही दिसतच असणार, रोज इथे बसतो तर. दिसून त्याला काय वाटत असेल?

“सुचेता,” तो म्हणाला, “तुला कुठलं बरं वाटतं?”

“लहान.” शब्द हवा होता त्यापेक्षा जोरात बाहेर पडला. “लहान लाव दोन्हीकडे.”

आता म्हणेल, थँक यू हं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. ते ऐकताना त्याचा चेहरा बघायचा नव्हता.

खांबाच्या बाजूला कोणीतरी स्कूटर स्टँडवर चढवली. मग स्टिअरिंगच्या मधल्या गोळ्यावर पेरं आपटली — टक टक.

“मग ठरलं. लांब लावू.”

तिने वळून पाहिलं. कपाळावर आठी होती. तो तिच्याकडे बघतही नव्हता. समोर बघत होता, माल पास झालेल्या माणसासारखा, शेजारी बसलेल्या बाईचं म्हणणं ऐकून, तोलून, उलटून, बाजूला ठेवून मोकळा झालेला. नीलमला थँक यू मिळालं होतं. पास्कूला मिळालं होतं, कुरियरवाल्यालाही मिळालं असणार. सुचेताला तेवढं नव्हतं मिळालं. मेल्या, आहेस तू. आहेस अजून आत. माझं म्हणणं खोडायला तेवढा राहिलायस.

“का?” तिने विचारलं. हे तिने कधीच विचारलं नव्हतं. “का पण लांब? लांब हवा धरते, तूच म्हणायचास.”

त्याने ऐकलं असेल किंवा नसेल. हात स्टिअरिंगवरून खाली आले, मांडीवर पडले. तिने डोळे न हलवता त्याच्या कपाळाकडे बघत राहायचं ठरवलं, दुधावर नजर ठेवतात तशी. तरी कधी ते तिला कळलंच नाही, आठी विरली होती.

तिच्या मांडीवर फोन थरथरू लागला. पडद्यावर पास्कूचं नाव. खांबांमधलं ऊन गेलं होतं, आणि वरच्या कुठल्यातरी घरात देवाजवळ घंटी वाजत होती.

जितेंद्र तिच्याकडे वळला. डोळे स्वच्छ होते, वाट बघणारे.

“लहान की लांब? तुला कुठलं बरं वाटतं?”

फोन थरथरत राहिला. आता लांब म्हणायचं. तो असेल, तर खोडेल. म्हणेल मग ठरलं, लहान लावू, आणि पास्कू काय करायचं ते करेल, लहानाचा जोड करो नाहीतर लांबाचा. आणि तो नसेल तर…

शब्द तिच्या जिभेवर आला होता. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला वाटत होतं, या माणसाने आपलं ऐकू नये.