मी इथे नाहीच असं समज

“कॅमेऱ्याकडे बघू नकोस गं आई. मी इथे नाहीच असं समज.”

आईने मान डोलावली आणि देवाचं नाव घेऊन शिलाई मशीनच्या चाकाला हात लावला. माध्यमांचं शिक्षण घ्यायला गेलेली लेक कितीतरी महिन्यांनी घरी आली होती, तीही कॉलेजचं काम घेऊन. एका माणसाचं रोजचं काम टिपायचं आणि संध्याकाळच्या बसने परतायचं. आईकडे मात्र सांगण्यासारखं खूप साठलं होतं.

तसं हे बातम्यांचं वेड लेकीचं लहानपणापासूनचं. आईच्या ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलण्याचं सगळं कंत्राट पोरीकडे. दोऱ्याचं रिकामं रीळ तोंडाशी धरून ती मशीनखालून बातम्या द्यायची. “काकूंचा ब्लाउज पुन्हा सैल केला! काकू म्हणतात, कापडच आटलं!” गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. तिला ‘रेडिओ’ हे नाव तेव्हाच पडलं.

“हं, कर सुरू,” कॅमेरा रोखून लेक म्हणाली.

मशीन धावू लागलं. “शेजारणीचा पाय मुरगळला गं परवा,” सुईवरची नजर न हलवता आई बोलू लागली. “मीच नेते तिला दवाखान्यात. आणि तू वेळेवर जेवतेस ना? आवाज बसलाय तुझा...”

“आई! बोलतेस काय? मी नाहीये ना इथे?”

“तू नसतेस तेव्हाच तर बोलते मी तुझ्याशी. रोजच्यासारखं कर म्हणालीस ना?”

लेक थबकली. कॅमेरा जरासा खाली आला. “सरांना नाही चालायचं गं. तू गप्प हवीस. नंतर त्यावर मीच बोलणार आहे.”

“बरं बाई.”

दुसऱ्या खेपेला आईने ओठ मिटून अख्खी बाही जोडली.

“बघ, किती खरी वाटतेस!”

छोट्याशा पडद्यावर एक बाई वाकून शिवत होती. मशीन थांबलं, की त्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. आईला त्या बाईची कीव आली.

“आधीचं आहे ना गं?”

“पुसलं. जागाच नव्हती उरली.”

“असू दे.”

जेवायला वेळ झालाच नाही. भाजी डब्यातून गेली. कोपऱ्यावर वळताना लेकीने हात हलवला.

आई मशीनवर येऊन बसली. दुसरी बाही राहिली होती.

“अगं, ऐकलंस का...” ती म्हणाली, आणि तिची नजर समोर गेली. मघाशी कॅमेरा होता तिथे आता नुसती भिंत होती. तरी तिने ओठ मिटले, आणि बाही सुईखाली सरकवली.