फुंकणी, भट्टी आणि सोमीचा दम

मी एक जुनी फुंकणी आहे आणि मागच्या शिमग्यात मी होळीत जळून राख झाले. पण मित्रांनो, तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. राखेने आत्मवृत्त सांगितलेलं लोकांना आवडत नाही, अंगावर उडतं.

माझा जन्म वाणगावच्या पूर्वेला, डोंगरातल्या बांबूच्या बेटात झाला. जिवल्याने मला कोयत्याने तोडलं, आतल्या गाठी तापल्या सळईने फोडल्या आणि मला आरपार पोकळ केलं. पोकळ असणं हीच माझी पात्रता. भात झोडून झाला की जिवल्या, त्याची बायको ठकी आणि मुलगी सोमी हे मडकी, कोंबडी आणि मला घेऊन खाली पाम गावाजवळच्या वीटभट्टीवर कामाला जात. तेव्हा तारापूरकडे अणूपासून वीज करायचं काम निघालं होतं. अणूतलं मला काही कळत नसे. आमच्याकडे सगळं चुलीवर होतं.

आईबाप विटा थापत आणि नऊ वर्षांची सोमी भाकरी करी. पहिल्या हंगामात ती माझ्यात एकदाच फुंके, की निखारा लालबुंद! फुंकणीला माणसाचा चेहरा दिसत नाही, पण छाती बरोबर कळते. सोमीची छाती म्हणजे खाडीवरचा वारा होती.

मग तिला खोकला लागला. ती वाळली. वाळलेल्या पोराला थंडी फार वाजते, आणि आमच्या पाड्याची रीत अशी, की कुडकुडणाऱ्याला उबेजवळ निजवायचं. भट्टी तर दिवसरात्र तापलेली. फुकटची ऊब! ठकीने झोपडीचं तोंड भट्टीकडे फिरवलं. सोमी आणखी वाळली, म्हणून झोपडी आणखी जवळ गेली. उपाय इतक्या इमानाने चालला, की पोर अजून थोडी वाळली असती तर तिला विटांबरोबरच रचावं लागलं असतं. भट्टीतल्या तुसाचा धूर बाहेरून येई, चुलीचा धूर आत असेच. दोघे एकमेकांना "बसा, बसा" म्हणत आणि सोमीच्या छातीत जागा करून देत.

एके सकाळी पालघरच्या दवाखान्यातून विजयाबाई नर्स आल्या. त्यांनी चिंचेच्या फांदीला ताणकाटा टांगला आणि झोळीत घालून एकेक पोर तोललं. सोमीच्या पाळीला काटा हलला, पण उगाच, ओळख दाखवण्यापुरता.

"ठकीबाई, ही पोर अशीच राहिली तर पावसाळा बघायची नाही," बाई म्हणाल्या.

भट्टीचे मालक कृष्णकांतशेट स्वतःची खुर्ची घेऊन तमाशाला आले होते. "खात नाय हो ती! अंगात वजन नाय, मग छातीत दम कुठून? आमच्या चिंतूला बघा."

चिंतू म्हणजे शेटचा मुलगा. अंगाने चांगला भरलेला. भट्टीच्या गरम राखेत रताळी भाजायची आणि तिथेच बसून खायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. त्याला पाहूनच ताणकाट्याची कडी वाकली.

"बघते ना," म्हणत बाईंनी मला चुलीजवळून उचललं. "सोमी, फुंक."

सोमीने फुंकलं. निखाऱ्याने एक डोळा किलकिला केला आणि मिटून घेतला.

"आता चिंतू."

"फुंक रे! झोपडीच उडव!" शेट हसले.

चिंतूने गाल फुगवले. माझ्यात आला तो श्वास नव्हता, शिट्टी होती. निखारा काळा तो काळाच. चिंतूला असा ठसका लागला, की आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून रताळं पडलं. सोमीनेच त्याची पाठ थोपटली.

"एक काडी, एक लाडू," बाई म्हणाल्या, "पण धूर दोघांनी सारखाच खाल्लाय. शेट, झोपड्या पलीकडे हलवा, वारा येतो त्या अंगाला."

"तिथं माझी चिकूची वाडी हाय!"

"मग?"

"चिकूंना त्रास होईल."

ठकी भट्टीकडे बघत बसली होती. "ऊब म्हणून मीच नेली गं तिला जवळ," ती पुटपुटली. मग उठली आणि तिने झोपडीची मेढ उपटली.

"ए ठके! काय चाललंय?"

"वाडीत जाते, शेट."

"कामावरून काढीन!"

"काड. मंग विटा तूच थाप. बस उकिडवा, चिखल गार हाय."

जिवल्याने गवताचं छप्पर डोक्यावर घेतलं. मागोमाग बाकीच्या बायाही उठल्या. त्या दिवशी पामच्या लोकांनी झोपड्या चालताना पाहिल्या. शेट ओरडत मागे धावले, पण त्यांच्याआधी चिंतू वाडीत पोचून नव्या जागी मांडी ठोकून बसला होता. झोपड्या हाकलायच्या तर आधी पोराला हाकलायला हवं. शेट खुर्ची घेऊन घरी गेले.

ठकीने चूलही आता उघड्यावर मांडली. सोमीची छाती पुरती परत आली नाही, खोटं कशाला सांगू? पण पावसाळा तिने पाहिला, त्याच्या पुढचाही. हंगाम संपता संपता तिने एकदा असा जाळ काढला, की भाकरी करपली. ठकीने ती करपलेली भाकरी सगळ्या झोपड्यांना दाखवत मिरवली.

मित्रांनो, कुणी म्हणेल, भरपूर खा, गुबगुबीत व्हा, मग धूर काही करत नाही. त्याला माझ्याकडे पाठवा. म्हणावं, फुंकून दाखव.

सबब, समस्त धुरांचे मुख्य अधिकारी, मुक्काम आकाश, यांस विनंती करण्यात येते की, आपल्या खात्यातील कोणत्याही धुराने मुलाच्या छातीत शिरण्यापूर्वी बाहेर थांबून त्याच्या आईची परवानगी घ्यावी. आईने नाही म्हटल्यास आल्या वाटेने परत जावे. जाताना खोकला सोबत न्यावा.