सुपाच्या सावलीतली परीक्षा

मी एक जुना टॅब आहे. काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली, पाठीवर अर्धं निघालेलं फुलपाखरू, आणि बॅटरीचं तर विचारूच नका. पण मित्रांनो, तरीही मी ताठ मानेने बोलतो, कारण पातूर तालुक्यातल्या एका गावात परीक्षा माझ्यावर झाली आहे. तीही एकदा नाही, दोनदा!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट अमरावतीला, राजापेठेत, जुईलीच्या हातात. ती दहावीत होती. ऑनलाइन क्लास, गणितं, मधूनच मेंदीची डिझाइन. दोन वर्षं ती मला उशीजवळ घेऊन झोपायची. मग मी जिन्यावरून पडलो, घरात नवा टॅब आला आणि मी खणात जुन्या वायरींखाली गेलो. वर्षभर मला कोणी चार्जसुद्धा केलं नाही. राग नाही, पण वाईट वाटलंच.

मला बाहेर काढलं ते साधनाताईंसाठी. त्या जुईलीच्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. पातूरकडे एका संस्थेत काम करतात. कुणाचा पेन्शनचा अर्ज भर, कुणाला दवाखान्यात ने, कुणाची शाळा सुटलेली पोरगी परत शाळेत बसव. चौदा वर्षं हेच. पण समाजकार्याचं प्रमाणपत्र नव्हतं. संस्थेने स्पष्ट सांगितलं, जूनपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं माणूस घेऊ. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि सगळा ऑनलाइन.

ऑनलाइन म्हटलं की रेंज पाहिजे. ती गावात एकाच ठिकाणी, पार्बताबाईंच्या घराच्या स्लॅबवर. पार्बताबाई सत्तरीच्या आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माही तूर वाळून राहिली वर. तुडवू नको म्हंजे झालं."

मग रोज संध्याकाळी तुरीच्या कडेला आमचा वर्ग भरायचा. अमरावतीहून अनसूया मॅडम शिकवायच्या. पहिला महिना साधनाताईंनी तोंडच उघडलं नाही. बाकीचे सगळे तरुण, भराभर बोलणारे. एकदा मॅडमनी विचारलं, शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी गेल्यावर आधी काय कराल? सगळ्यांनी पुस्तकातले मुद्दे सांगितले. साधनाताई हळूच म्हणाल्या, पहिल्या दिवशी शाळेचं नाव काढायचं नाही, नुसतं बसून चहा घ्यायचा. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. खोटं नाही सांगत, मी समोरून पाहिलं!

परीक्षा मे महिन्यात होती आणि वेळ दुपारी बाराची. नियम कडक, माझ्या कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलं तर परीक्षा रद्द. साधनाताईंनी पार्बताबाईंना तसं बजावलं होतं. पण अकोल्याकडचं ऊन ते! आदल्या दिवशी सरावाच्या वेळी मी तापून बंद पडलो होतो आणि पार्बताबाईंनी ते पाहिलं होतं. परीक्षेत अर्धा तास झाला आणि मी पुन्हा तापायला लागलो. तेवढ्यात जिन्यातून एक हात आला आणि त्याने माझ्यावर सूप धरलं. काय गार वाटलं म्हणून सांगू! पुढच्याच क्षणी माझा पडदा लाल झाला. दुसरी व्यक्ती दिसते, परीक्षा रद्द.

अनसूया मॅडम पडद्यावर आल्या. साधनाताईंनी काही लपवलं नाही. मॅडमनी पार्बताबाईंनाच समोर बोलावून विचारलं, तुम्ही यांना उत्तरं सांगत होता का?

"मी काय सांगू बाई हिले? मले सोताचं नाव लिवता येत नाही. हे डबडं तापते न् मुकं होते, म्हून त्याले सावली करून राहिली होती."

मॅडमनी परीक्षेची वेळ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "आजची परीक्षा रद्दच होईल, नियम आहे. पण भर दुपारची वेळ आम्ही ठेवली, ही आमची चूक. फेरपरीक्षेसाठी मी स्वतः बोलते." चौकशीत कळलं की वर्गातल्या बाळापूरकडच्या दोघीही रेंजसाठी उन्हात छपरावरच बसल्या होत्या आणि त्यांचीही परीक्षा अर्धवट राहिली होती. आठ दिवसांनी तिघींची परीक्षा सकाळी साडेसहाला ठरली.

त्या दिवशी पार्बताबाई खाली पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसल्या. टाकीतलं पाणी बघायला आलेल्या स्वतःच्या मुलालाही त्यांनी वर येऊ दिलं नाही. माझ्यात एकोणीस टक्के उरले होते, पण मी शेवटपर्यंत टिकलो.

साधनाताई पास झाल्या. जूनमध्ये त्या प्रमाणपत्र घेऊन कामावर गेल्या. त्या पेढा द्यायला आल्या तेव्हा पार्बताबाई म्हणाल्या, "पेढा ठेव तिथं. मले आता माहं नाव शिकव."

हल्ली पार्बताबाई रोज माझ्या काचेवर बोटाने 'पा' काढतात. काना अजून तडकलेल्या कोपऱ्यात घुसतो. मित्रांनो, तुमच्याही घरी खणात माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला पुसा, चार्ज करा आणि ज्याला शिकायचं आहे त्याच्या हातात द्या. फक्त उन्हात ठेवू नका, एवढं ऐका.