मनगट माझं

घड्याळ घ्यायला गेले, तेव्हा दुकानातल्या माणसाने आधी खड्यांनी मढवलेली बायकांची घड्याळं समोर मांडली. इतके खडे, की त्यांत काटे शोधावे लागत होते. मी पलीकडच्या कपाटाकडे बोट केलं.

"मॅडम, ते जेंट्स आहे."

"मनगटाला कळतं का ते?"

तो हसला. "भेट द्यायचंय का कुणाला?"

"हो. तुमच्यासमोर उभी आहे तिला."

मग मात्र त्याने पांढरे हातमोजे चढवले आणि ते घड्याळ मखमलीच्या गादीवर ठेवलं. पांढरी तबकडी, बारीक काळे काटे, काळा चामड्याचा पट्टा. बॅटरी नाही, रोज किल्ली द्यायची. त्याने ते पालथं केलं. मागेही काच होती, आणि काचेखाली एक इवलंसं चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे झोके घेत होतं. उघड्या छातीतलं हृदय मी पाहिलेलं आहे. त्याला असंच कुणीही न सांगता चालू राहायची सवय असते. मी म्हटलं, "हेच."

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. तिथल्या सिस्टरच्या हातात काही नसतं. अंगठी नाही, बांगडी नाही, घड्याळ तर नाहीच. कोपरापर्यंत हात घासायचे आणि मोकळे ठेवायचे. वेळ भिंतीवर असायची. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "सिस्टर, वेळ?" आणि मी सांगायचे. पोट उघडलं ती वेळ, बाळ रडलं ती वेळ, आणि ज्यांचं काही करता आलं नाही त्यांचीही वेळ. दुसऱ्यांच्या वेळा सांगता सांगता केस पिकले. निवृत्त झाले तेव्हा मनात एकच गोष्ट होती. चांगलंच घ्यायचं, आपल्या मनाचं घ्यायचं, आणि आपल्या मनगटावर घालायचं.

घरी आम्ही चौघं. मी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा. लहानपणी ताट समोर आल्याशिवाय हा मुलगा जागचा हलायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं राजे. आता राजे श्रीमंतांचे पैसे सांभाळणाऱ्या एका कंपनीत आहेत आणि ताट अजूनही समोरच लागतं.

घड्याळ पाहून भाऊ म्हणाला, "ताई, वेळ तर फोनवरही दिसते की."

"वेळ बघायला कुणी घेतलंय?"

भावजयीने पदराला हात पुसत मान हलवली. "तुमच्यासारख्या देवधर्म करणाऱ्या बाईने एवढी चैन? लोक काय म्हणतील?"

"देवाने अजून काही विचारलेलं नाही," मी म्हटलं. "लोकांचं नंतर बघू."

राजेंनी मात्र ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. डोळे असे लकाकले, की मला तेव्हाच समजायला हवं होतं. "आत्या, हे तुझ्या हातावर वाया जातंय गं. आमचे बॉस म्हणतात, मनगट रिकामं दिसलं तर लोक आपल्या हातात पैसे देत नाहीत."

"मग तू घे की एक."

"घेईन," तो म्हणाला. "पैसे आले की."

"आणि पैसे यायला घड्याळ हवं," भाऊ म्हणाला. "म्हणजे गाडं अडलंच म्हणायचं." सगळे हसले. मीही हसले. विषय तिथे संपला असं मला वाटलं.

माझा एक नेम आहे. रोज सकाळी आंघोळ करून दिवा लावते आणि तो विझेपर्यंत बोलत नाही. तेल मापाचंच घालते, फार वेळ लागत नाही. नोकरीत असताना पहाटे करायचे, आता उजाडल्यावर. हे व्रत घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याचा उपयोगही.

उपयोग असा. ज्या गोष्टीला मी नाही म्हणेन अशी शंका असते, ती या घरात दिव्याच्या वेळी विचारली जाते. भाऊ दारात उभा राहतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "ताई, असं असं करतोय. चालत नसेल तर बोल हं." मी बोलत नाही. तो जरा थांबतो, म्हणजे अगदी न्यायाने थांबतो, आणि म्हणतो, "बरं. चालतंय म्हणजे." माझी उजेडाची खोली अशीच राजेंची झाली. माझं पुस्तकांचं कपाट असंच माळ्यावर गेलं. त्या त्या वेळी मी नंतर काही बोलले नाही. खोलीच आहे, कपाटच आहे, असं म्हणून सोडून दिलं. मऊ लागलं की कोपराने खणतात, ते खोटं नाही.

देवापुढे बसायच्या आधी मी हात कोपरापर्यंत धुते. थिएटरची सवय, जात नाही. घड्याळ काढून शेजारच्या चौरंगावर ठेवायचं, दिवा विझला की किल्ली द्यायची आणि मग घालायचं, असा क्रम लागला होता.

त्या दिवशी भाऊ दारात आला. इस्त्रीचा शर्ट घातलेले राजे त्याच्यामागे.

"ताई, आज याच्याकडे मोठी माणसं येतायत. याचं पुढचं सगळं आजच्यावर आहे. फक्त आजचा दिवस घड्याळ नेतो तो. चालत नसेल तर बोल."

मी त्याच्याकडे पाहिलं. मान ठाम हलवली. नाही.

भाऊ छताकडे बघत होता. राजे चौरंगाकडे.

"बरं," भाऊ म्हणाला. "चालतंय म्हणजे."

राजेंनी वाकून घड्याळ उचललं. वाकता वाकता देवाला नमस्कारही केला. मी उठले नाही, बोलले नाही. नेम मोडायला लावील इतकी त्यांची पत नव्हती. पण त्या दिवशी माझ्या ओठांवर देवाचं नाव होतं आणि डोळ्यांसमोर ती मोकळी चौरंगाची फळी. दिवा एकदाचा फडफडला आणि विझला. मी देवाला म्हटलं, आता माझं मी बघते.

स्वयंपाकघरात भावजय कणीक मळत होती.

"घड्याळ गेलं?"

"तुम्हीच तर दिलंत ना, ताई."

"मी?"

"यांनी विचारलं. तुम्ही काही बोलला नाहीत."

"दिव्यापुढे मी कधी बोलते?"

"तेच ना," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिच्याच लक्षात आलं. कणकेवरचे हात थांबले. "एका दिवसाचं तर आहे. संध्याकाळी येईल परत."

"खोली कुठे आली परत?"

ती काही बोलली नाही. तिचा काही नेम नव्हता, तरी.

मी चांगली साडी नेसले आणि निघाले. भावाने चपला घालताना पाहिलं. "कुठे?"

"घड्याळ आणायला."

"ताई, तमाशा करू नकोस."

"मी कधी आवाज चढवलाय?"

हे खरंच. माझा आवाज मुळात बारीक. थिएटरात त्याने कधी काही अडलं नाही. सगळे घाबरलेले असले की हळू बोललेलंच नीट ऐकू येतं.

राजेंचं ऑफिस मला माहीत होतं. एकदा तो घरी डबा विसरला होता तेव्हा मी तो पोचवला होता. दारातल्या मुलीने मला ओळखलं, आत बसा म्हणाली. बसायला गेले तर समोरच काचेची खोली. आत लांब टेबल, एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला राजे आणि त्यांचे बॉस. दार अर्धवट उघडं होतं. पाहुण्यांमधल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई राजेंच्या मनगटाकडे बघत म्हणत होत्या, "सुंदर आहे हो. हल्ली किल्लीचं कुणी घालत नाही."

"आजोबांचं आहे," राजे म्हणाले. "घराण्यातलं. आमच्याकडे हे पहिल्यापासूनच. चांगलं तेच वापरायचं."

आजोबा म्हणजे माझे वडील. गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर झोपले. त्यांच्या मनगटावर सुतळी बांधलेली मी पाहिली आहे, घड्याळ कधी पाहिलं नाही. तोवर मी ठरवलं होतं, की त्याला बाहेर बोलवीन, कोपऱ्यात हात पुढे करीन, आणि गुपचूप घेऊन घरी जाईन. वडिलांच्या नावाने ते घराण्यात जमा झालं आणि माझं ठरलेलं बदललं. खोली नेली ती नेली. आता मी मिळवलेलं माझ्या हयातीतच वारसा व्हायला निघालं होतं.

मी दार ढकललं.

"आत्या?" राजे उभे राहिले. "तू इथे कशी?"

"माझं घड्याळ."

"आत्या, इथे नको ना. बाहेर जाऊ."

"इथेच." मी हात पुढे केला, तळवा वर करून. थिएटरात डॉक्टर असाच हात करायचे आणि मी त्यात हवं ते ठेवायचे. हात पुढे करण्याची बाजू पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. "तू मला न विचारता नेलंस. मी नाही म्हटलं होतं, मान हलवून. तू पाहिलं नाहीस."

बॉस अर्धवट उठले. "मॅडम, आपण बसा ना, चहा..."

"नको, धन्यवाद. चालू द्या तुमचं." मग मी पाहुण्यांकडे वळले, कारण त्यांना खोटं सांगितलं गेलं होतं. "हे याच्या आजोबांचं नाही. माझे वडील गिरणीत होते, त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. हे मी घेतलंय. माझ्या कमाईचं, माझ्या आवडीचं. मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी राजेंकडे पाहिलं, आणि अगदी सहज, वर्गात मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "द्या की त्यांचं त्यांना."

राजेंचे कान लाल झाले होते. त्यांनी पट्टा सोडला. घड्याळ माझ्या तळव्यावर आलं तेव्हा गरम होतं, त्याच्या अंगाचं.

"येते," मी म्हटलं.

लिफ्टमध्ये एकटीच होते. कानाशी धरलं. चालू होतं. रोजची किल्ली राहिली होती, ती दिली, हळूहळू, आपोआप अडेपर्यंत. राजेंचं मनगट जाड, त्यामुळे पट्ट्यावर पलीकडच्या भोकाशी एक नवा वळ उमटला होता. असू दे. मी माझ्या भोकात अडकवलं.

घरी पोचायच्या आधीच फोन पोचला होता. भाऊ दारातच उभा.

"पोराचं नाक कापलंस, ताई! चारचौघांत!"

"नाक त्याचं. मनगट माझं."

"एका घड्याळापायी? सख्ख्या भाच्याशी? तू? एवढं देवाचं करतेस आणि एवढा लोभ?"

हा शब्द मला लागेल असं त्याला वाटलं असावं. मीही क्षणभर वाट पाहिली, लागतोय का म्हणून. लागला नाही.

"लोभ म्हणजे दुसऱ्याचं हवंसं वाटणं," मी म्हटलं. "आज सकाळी तो कुणाला झाला होता, ते तू बघ."

"तू आवाज खाली ठेव," तो ओरडला.

भावजयीला हसू फुटलं. तिने ते पदरात लपवलं, पण मी पाहिलं. त्यानेही पाहिलं.

राजे संध्याकाळी आले आणि सरळ खोलीत गेले, माझ्या जुन्या खोलीत. कंपनीतलं काय झालं, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. ताट मात्र त्या दिवशी समोर लागलं नाही. भावजय म्हणाली, "भूक लागली की येईल उठून." आणि खरंच, थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, हात कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि घड्याळ मनगटावर घालूनच देवापुढे बसले. हात मोकळे ठेवायचा नियम थिएटरचा होता. देवाचा मी आपला धरून चालले होते. दिवा लावला. काचेवर ज्योत दिसत होती, इवलीशी.

दारात घसा खाकरला गेला.

"ताई, कालचं सोडून देऊ," भाऊ म्हणाला. "फक्त एवढंच, की याच्या बॉसना तू फोन करायचा. सांगायचं, गैरसमज झाला, म्हातारपणी विसरायला होतं. मी त्यांना कळवतो की तू करते आहेस. चालत नसेल तर..."

तो पुढचं बोलायच्या आत मी डावा हात वर केला. बाही मागे घेतली. उजव्या हाताच्या बोटाने तबकडीवर टिचकी मारली, एकदा. मग दिव्याकडे बोट केलं. मग दाराजवळच्या खुर्चीकडे. आणि छताकडे बघायला त्याला सवड मिळू नये म्हणून त्याच्या डोळ्यांत बघत राहिले.

तो उभा राहिला. खुर्चीकडे पाहिलं. आतून भावजय म्हणाली, "बसा ना, सांगतायत त्या. दिवा विझला की बोलतील." तिच्यामागे राजे चहाचा कप घेऊन उभे होते.

भाऊ बसला. हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखा.

माझं उत्तर तयार होतं, एका शब्दाचं. ते कुठे पळून जात नव्हतं. मी तेलाची बुदली ओढली आणि दिव्यात आणखी थोडं तेल घातलं.